रक्ताच्या स्मरणातलं : जबलपूरची टिपणं

किडनी बसवण्याआधी प्रयोगशाळेत क्रॉसमॅच करतात. दात्याच्या श्वेतपेशी आणि रुग्णाचं सीरम एकत्र ठेवायचं. पेशी मेल्या तर त्या दात्याची किडनी त्या रुग्णाला चालणार नाही, जगल्या तर पुढं जायचं. 'निगेटिव्ह' हा शब्द कानावर आला की बाहेर बाकावर बसलेलं अख्खं घर सुटकेचा निःश्वास टाकतं. पण या चाचणीला कळतं ते आजच्या सीरममध्ये काय आहे एवढंच. त्या शरीरानं वीस वर्षांपूर्वी काय पाहिलं आणि त्यातलं काय लक्षात ठेवलं, ते सीरममध्ये उतरलेलं असेलच असं नाही. रक्तपेढीच्या खिडकीमागे नोकरी केली तेव्हापासून हा फरक माझ्या मनात घर करून आहे. त्याविषयी जे वाचलं, विचारलं, पाहिलं, ते इथं सुटंसुटं लिहून ठेवते.

*

प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी. त्या तयार करणाऱ्या पेशींचं घराणं एकच, बी पेशींचं. परक्या पदार्थाशी गाठ पडली आणि टी पेशींची साथ मिळाली की बी पेशी वाढतात आणि त्यांच्या दोन वाटा होतात. काही प्लाझ्मा पेशी बनतात. त्या अस्थिमज्जेत मुक्काम ठोकतात आणि रात्रंदिवस प्रतिपिंडं सोडत राहतात. आपण सीरममध्ये मोजतो ती मुख्यतः यांची कमाई. बाकीच्या स्मृतिपेशी होतात. त्या काहीच सोडत नाहीत. प्लीहेत, लसिकाग्रंथींत पडून असतात, थोड्याशा रक्तातून फिरतात. तेच परकं पुन्हा समोर आलं की मात्र काही दिवसांत प्लाझ्मा पेशींची नवी फौज उभी करतात.

शेताची खुरपणी झाल्यावर रान स्वच्छ दिसतं, पण गाजरगवताचं बी मातीत असतंच आणि पहिल्या पावसाला वर येतं. कोऱ्या सीरमचं तसंच आहे.

स्मृतिपेशी किती टिकतात? देवीची लस घेतलेल्या माणसांच्या रक्तात पन्नास वर्षांनंतरही त्या लशीच्या स्मृतिपेशी सापडल्या आहेत. देवीचा रोग पृथ्वीवरून गेला, तरी माणसांच्या रक्तातली त्याची ओळख गेली नव्हती.

*

ग्लासगो, 1943. गॅसच्या शेगडीनं भाजलेली एक तरुण स्त्री. तिच्या जखमांवर तिच्या भावाच्या त्वचेचे छोटे तुकडे लावले. काही दिवस ते धरले, मग गळून गेले. त्याच भावाच्या त्वचेचे तुकडे पुन्हा लावले, तर ते पहिल्यापेक्षा खूप लवकर गेले. टॉमस गिब्सन आणि पीटर मेडावर यांनी हे नोंदवलं. शरीर परकी ऊती नाकारतं, एवढंच नव्हे तर दुसऱ्या वेळी अधिक वेगानं नाकारतं, हे त्या एका स्त्रीच्या अंगावर दिसलं. मेडावर यांना पुढं 1960 साली नोबेल मिळालं. विज्ञानाच्या इतिहासात त्या बाईच्या वाट्याला फार ओळी आल्या नाहीत, म्हणून तिची आठवण इथं आधी.

*

आता आयांविषयी. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथं आहे.

पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाचे रेणू असतात. आपलं कोण आणि परकं कोण याची ओळख शरीराला प्रामुख्यानं त्यांच्यावरून पटते. सहाव्या गुणसूत्रावर त्यांची जनुकं एकमेकांना लागून असतात. म्हणून मुलाला बहुधा आईकडून एक अख्खा संच आणि बापाकडून एक अख्खा संच मिळतो, आणि दोन सख्ख्या भावंडांचे दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे पोटातलं मूल आईसाठी निम्मं परकं असतं. गरोदरपणात, आणि सगळ्यात जास्त बाळंतपणात, बाळाच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. काही आयांच्या बी पेशी त्यावर बापाकडच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतात. सगळ्या आयांचं तसं होत नाही, पण बाळंतपणं वाढतात तसं प्रमाण वाढतं.

1958 साली स्टॅनफर्डला रोझ पेन यांना आणि हॉलंडमध्ये लायडनला जे. जे. व्हॅन रूड यांना बाळंतपणं झालेल्या स्त्रियांच्या सीरममध्ये श्वेतपेशींविरुद्धची प्रतिपिंडं दिसली. त्याच वर्षी पॅरिसला झाँ दोसे यांनी, अनेकदा रक्त चढवलेल्या रुग्णांच्या सीरमवरून, या घराण्यातला पहिला घटक ओळखला. पुढं कित्येक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा एचएलएची जुळणी करत ती लेकुरवाळ्या आयांनी दिलेल्या सीरमच्या आधारानं. अवयव कोणाचा कोणाला चालेल हे ठरवण्याचं पहिलं साधन बायकांच्या बाळंतपणांतून आलं.

आणि त्याच बाळंतपणांची किंमतही बायकांनाच मोजावी लागते. बाईची किडनी निकामी झाली आणि नवरा द्यायला तयार झाला, तर त्याची किडनी म्हणजे त्याच एचएलएची मोठी भेट, ज्याची ओळख तिच्या बी पेशींना प्रत्येक गर्भारपणात झालेली असू शकते. मुलगा किंवा मुलगी देणार असली तरी तेच, कारण त्यांच्यातला अर्धा संच बापाचा. उलट आईनं मुलाला किडनी दिली तर ही अडचण सहसा येत नाही.

आपल्या देशात 1995 ते 2021 या काळात झालेल्या 36,640 प्रत्यारोपणांपैकी 6,945 स्त्रियांवर झाली. जिवंत दात्यांमध्ये मात्र पाचांत चार स्त्रिया. देण्याच्या रांगेत बाई पुढं, घेण्याच्या रांगेत मागं. त्यातून जिची पाळी घेण्याची आली, तिच्या रक्तात संसारानं आधीच अडथळा उभा केलेला असतो. हा मला अन्याय वाटतो. तो निसर्गानं केला म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्यातला बराच भाग आपल्याला आधी ओळखता येतो.

*

जबलपूरमधलंच एक डायलिसिस केंद्र. मराठी कुटुंबातल्या काकू, गोलबाजारच्या बाजूच्या. वय पन्नाशीच्या पुढं. प्रत्यारोपणाचा फॉर्म भरणारी मुलगी तिशीच्या आतली, कामात चोख, पण समोर ढीग.

"बच्चे कितने हैं, अम्मा?"

"दो."

तिनं दोन लिहिलं आणि ती पुढच्या रकान्याकडं वळली. मी शेजारी बसले होते. मी मराठीत विचारलं, "काकू, आहेत ते दोन. दिवस किती वेळा गेले होते?"

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या. पहिलं सातव्या महिन्यात गेलं, घरीच. मग थोरली. मग एक पोटातच गेलं, नंतर पिशवी साफ करावी लागली. मग एक मुलगा, बारसं झालं आणि पंधरवड्यात गेला. मग धाकटा. "पाच वेळा, ताई. पण ते कशाला सांगायचं आता?"

रक्त चढवलं होतं का? "मधल्याच्या वेळी दोन बाटल्या. मंडल्याला. कागद नाहीत."

फॉर्मवरचं 'दोन' खोडून त्या मुलीनं 'पाच' केलं आणि समासात रक्ताच्या बाटल्या लिहिल्या. नवऱ्याशी केलेली क्रॉसमॅच निगेटिव्ह आली होती. पण हा इतिहास वाचून डॉक्टरांनी अधिक बारीक तपासणी मागवली, नमुना नागपूरला गेला, आणि नवऱ्याच्या एका एचएलए घटकाविरुद्ध क्षीण प्रतिपिंड निघालं. मग काकूंच्या धाकट्या बहिणीचा दाता म्हणून विचार सुरू झाला.

गेलेली मुलं घरातल्या मोजदादीत धरायची नाहीत, अशी आपल्याकडं रीत आहे. बी पेशींच्या हिशेबात ती असतात.

*

पॉल टेरासाकी. कॅलिफोर्नियातल्या जपानी स्थलांतरितांचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं जपानी वंशाच्या कुटुंबांना छावण्यांत कोंडलं, तेव्हा तोही ॲरिझोनातल्या छावणीत होता. पुढं लॉस एंजेलिसला विद्यापीठात त्यानं थेंबभर सीरमवर चालणारी एचएलए चाचणी बसवली, 1964. त्या चाचणीची इवल्याशा खळग्यांची प्लास्टिकची तबकडी आजही त्याच्या नावानं ओळखतात.

1969 साली रॅमन पटेल आणि टेरासाकी यांनी 225 किडनी प्रत्यारोपणांचा हिशेब मांडला. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असूनही किडनी बसवलेले 30 रुग्ण, त्यांतल्या 24 जणांची किडनी लगेच गेली. क्रॉसमॅच निगेटिव्ह असलेले 195, त्यांतल्या 8 जणांची गेली. यानंतर क्रॉसमॅच न करता किडनी बसवणं कुठल्याच डॉक्टरला परवडणारं राहिलं नाही.

ते आठ मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यांची कारणं निरनिराळी असणार. पण चाचणी स्वच्छ असताना किडनी का जाते, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

*

नंतरची पायरी मण्यांची. प्लास्टिकचे सूक्ष्म मणी, प्रत्येकाला रंगाची वेगळी छटा, प्रत्येक छटेवर एकेकच एचएलए घटक. रुग्णाचं सीरम त्यात घातलं की कोणत्या मण्याला प्रतिपिंड चिकटलं ते यंत्र वाचतं. या शतकाच्या पहिल्या दशकात ही चाचणी पसरली आणि पूर्वी न दिसणारी क्षीण प्रतिपिंडंही दिसू लागली. नागपूर, मुंबई, पुण्याच्या अहवालांत 'एमएफआय' म्हणून जो आकडा येतो तो इथला. तो आकडा नातेवाइकांना निकालपत्रातल्या गुणांसारखा वाटतो, पण तो तसा वाचू नये. मण्यावर घटकाचा आकार बिघडला असेल तर खोटा आकडा येतो, आणि प्रतिपिंड फारच जास्त असेल तर उलट कमी आकडा येऊ शकतो. तो अनुभवी माणसानंच वाचावा.

आणि कितीही बारीक झाली तरी ही चाचणी सीरमचीच. झोपलेल्या पेशी तिला दिसत नाहीत.

*

मग झोपलेल्या पेशी शोधायच्या कशा? त्यांना जागं करायचं.

रुग्णाचं रक्त घेऊन त्यातल्या लिम्फोसाइट जातीच्या श्वेतपेशी वेगळ्या काढतात. त्या पोषक द्रवात ठेवून दोन चेतवणारे पदार्थ घालतात. आर-848 हे एक कृत्रिम रसायन, विषाणू आला असा भास पेशीला करून देणारं, आणि दुसरं इंटरल्यूकिन-2. सुमारे सहा दिवस पेटीत, शरीराच्या तापमानाला. स्मृतिपेशी जाग्या होतात, वाढतात आणि प्रतिपिंडं सोडू लागतात. एरवी त्यांनी हे नवी किडनी बसल्यावर केलं असतं. इथं ते शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, कुणाला इजा न होता घडतं.

मग 96 खळग्यांची पाटी. प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक पांढरं पटल, त्यावर मानवी प्रतिपिंडाला पकडून ठेवणारा थर. जाग्या पेशी त्यात ओततात आणि हलवत नाहीत. प्रत्येक पेशी जिथं बसली तिथंच तिचं प्रतिपिंड खाली उतरतं आणि अडकतं. पेशी धुऊन टाकतात. मग दात्याचा एचएलए रेणू घालतात, त्याला रंग उमटवणाऱ्या विकराची जोड. शेवटच्या द्रावणानंतर पटलावर निळसर-जांभळे ठिपके येतात, मध्यभागी गडद, कडेला विरत गेलेले. एक ठिपका म्हणजे त्या दात्याला ओळखणारी एक पेशी. शेजारच्या खळग्यात सगळ्याच प्रतिपिंडांचे ठिपके मोजलेले असतात, म्हणजे शंभरांत किंवा हजारांत किती, ते सांगता येतं. या पद्धतीचं नाव एलिस्पॉट. ती 1983 साली निघाली. एचएलएविरुद्धच्या बी पेशींसाठी ती लायडनला सेबास्टियान हाइट आणि फ्रान्स क्लास यांच्या गटानं 2012 च्या सुमारास बसवली. व्हॅन रूड यांनी जिथं आयांच्या सीरमवर काम केलं तेच हे गाव, तेच रुग्णालय.

पाटीचं छायाचित्र मी भिंगाखाली पाहिलं आहे. एका खळग्यात मोजके चार-पाच ठिपके, बाकी पटल पांढरं. सीरममध्ये ज्याचा मागमूस नाही असं काही इथं डोळ्यांनी दिसतं, त्याचं मला फार अप्रूप वाटतं.

*

दुसरी पद्धत पेशीला न जागवता पकडण्याची. चार एचएलए रेणू एकत्र बांधून त्यांना चमकणारा रंग लावतात. ज्या बी पेशीला तो एचएलए ओळखू येतो तिच्यावर ही जुडी बसते आणि लेझरच्या झोतातून जाताना ती पेशी उजळते. जॉन्स हॉपकिन्सच्या आंद्रेया झकारी यांनी 2007 साली परक्या एचएलएची ओळख आधीच झालेल्या रुग्णांत अशा पेशी मोजून दाखवल्या. अडचण अशी की बी पेशींना कशालाही चिकटायची खोड असते, म्हणून दोन रंगांच्या जुड्या वापरून खोट्या उजळलेल्या पेशी वगळाव्या लागतात.

तिसरी पद्धत मला सगळ्यात व्यवहारी वाटते. पेशी जागवायच्या, त्यांनी द्रवात सोडलेलं प्रतिपिंड घट्ट करायचं आणि तो द्रव त्याच जुन्या मण्यांवर तपासायचा. म्हणजे कुठला एचएलए शोधायचा हे आधी ठरवावं लागत नाही, एकाच वेळी सगळ्यांचा अंदाज येतो. आणि मण्यांचं यंत्र ज्यांच्याकडं आहे त्यांना फक्त पेशी वाढवायची सोय जोडावी लागते.

*

2015 साली बार्सिलोनाच्या ओरिओल बेस्तार्द यांच्या गटानं दाखवलं की प्रत्यारोपणाआधी दात्याविरुद्धच्या स्मृतिपेशी रक्तात असतील तर पुढं प्रतिपिंडांमुळं किडनी नाकारली जाण्याचा धोका बराच वाढतो, आणि काही रुग्णांत सीरम स्वच्छ असतानाही या पेशी सापडल्या. जुन्या शंकेला इथं पुरावा मिळाला.

तरी ही चाचणी युरोपातही अजून रोजच्या कामात रुळलेली नाही. पेशी मुळात विरळ. बहुतेक स्मृतिपेशी प्लीहेत आणि लसिकाग्रंथींत, रक्तातून हिंडणाऱ्या थोड्या. रक्तात सापडल्या नाहीत म्हणजे नाहीतच, असं म्हणता येत नाही. आणि रक्त जास्त लागतं. डायलिसिसवरच्या माणसाचं हिमोग्लोबिन आधीच कमी, त्याच्याकडं मोठी नळी मागताना हात कचरतो.

*

औषधांच्या बाजूनं हेच पाहिलं तर स्मृतिपेशींचा हा शोध का हवा ते स्पष्ट होतं. रिटुक्सिमॅब बी पेशींवरच्या सीडी-20 या खुणेला धरतं, पण प्लाझ्मा पेशींवर ती खूण नसते, म्हणून आधीच चालू असलेला प्रतिपिंडांचा ओघ त्यानं थांबत नाही. बोर्टेझोमिब प्लाझ्मा पेशींवर चालतं. इम्लिफिडेज हे एका स्ट्रेप्टोकोकस जिवाणूपासून मिळालेलं विकर, काही तासांत रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांचे तुकडे करतं. युरोपात 2020 साली त्याला सशर्त मान्यता मिळाली. क्रॉसमॅच निगेटिव्ह होते, किडनी बसते, पण पेशी शाबूत असल्यामुळं काही दिवसांत किंवा आठवड्यांत प्रतिपिंडं परत येऊ शकतात. कुणाच्या शरीरात कोणत्या पेशी जाग्या आहेत आणि कोणत्या झोपल्या आहेत हे माहीत नसताना ही महागडी औषधं देणं म्हणजे अंदाजाचा कारभार.

*

जबलपूरबद्दल.

नागपूर रोडवर गढ्याच्या बाजूला नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज आहे आणि जवळच आयसीएमआरची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था, 1984 साली सुरू झालेली. या संस्थेचा मोठा भर सिकलसेलवर. मंडला, डिंडोरी, शहडोल, बालाघाट, तिकडं खाली गोंदिया, गडचिरोली. गोंड आणि इतर समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 ला शहडोललाच सुरू झाली.

सिकलसेलच्या मुलाला पुन्हा पुन्हा रक्त लागतं. आणि दर बाटलीगणिक परक्या पेशींची ओळख वाढते. आपल्या बहुतेक रक्तपेढ्या ए-बी-ओ आणि आरएच-डी जुळवतात. केल, किड, डफी, आरएचचेच सी आणि ई असे बाकीचे घटक जुळवत नाहीत. त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि पुष्कळदा काही महिन्यांत सीरममधून दिसेनाशी होतात. यात किडविरुद्धची प्रतिपिंडं सगळ्यात फसवी.

मग असं होतं. मुलाला मंडल्याला रक्त दिलं, वर्षानं डिंडोरीला, पुढं जबलपूरला. तिसऱ्या ठिकाणी क्रॉसमॅच जुळली, रक्त चढलं, मूल घरी गेलं. आठवडाभरात त्याला कावीळ, ताप, लघवी गडद, आणि हिमोग्लोबिन रक्त देण्याआधी होतं त्याहूनही खाली. घरचे म्हणतात आजार उलटला. डॉक्टरलाही पहिल्यांदा सिकलचाच झटका वाटतो. खरं तर जाग्या झालेल्या स्मृतिपेशींच्या प्रतिपिंडांनी नवं रक्त फोडलेलं असतं. अशा वेळी घाईनं आणखी रक्त देणं घातक ठरू शकतं.

अवयव प्रत्यारोपणात ज्या पेशी शोधायला लायडनला पाटीवरचे ठिपके मोजतात, त्याच जातीच्या पेशी आमच्या भागात रक्ताच्या बाटलीमागं लपलेल्या आहेत. म्हणून हा विषय मला परदेशी वाटत नाही. आणि सिकलसेलवरचा बरा करणारा उपाय, अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण, अर्धजुळत्या दात्याकडून करायचं ठरलं तर एचएलएविरुद्धची प्रतिपिंडं तिथंही आडवी येतात. बाटलीतल्या श्वेतपेशी गाळून रक्त दिलं तर एचएलएची ओळख होण्याचा धोका कमी होतो. ती गाळणी महाग आहे, म्हणून सगळीकडं वापरत नाहीत. माझ्या मते सिकलसेलच्या मुलांसाठी तरी ती सरकारनं फुकट पुरवावी.

*

मुंबईची आठवण निघते ती इथं. 1952 साली डॉ. य. मो. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी 'लॅन्सेट'मध्ये असा रक्तगट नोंदवला, ज्याच्या माणसांना 'ओ' गटाचं रक्तही चालत नव्हतं. त्यांच्या पेशींवर 'एच' हा पायाचा घटकच नव्हता. जगानं त्याला 'बॉम्बे' म्हणून ओळखलं. 1957 साली आयसीएमआरनं मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र काढलं. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली आजची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था त्यातूनच वाढली. परळच्या त्या मंडळींनी सुरुवात केली ती न जुळणाऱ्या क्रॉसमॅचला 'असेल काही चूक' म्हणून सोडून न देता. तो स्वभाव जिल्ह्याच्या रक्तपेढीत आजही लागतो, आणि त्याला मोठं यंत्र लागत नाही.

*

जानेवारी 2025 मध्ये मेंदूमृत झालेल्या एका वयस्क माणसाच्या घरच्यांनी अवयव दिले. जबलपूरच्या मेडिकल कॉलेजपासून दुमना विमानतळापर्यंत रस्ता मोकळा केला, हृदय भोपाळच्या एम्सला गेलं. तिथलं ते पहिलं हृदय प्रत्यारोपण. शहरभर लोकांनी ॲम्ब्युलन्स जाताना पाहिली.

हृदयाला शरीराबाहेर तासही फार मिळत नाहीत. सहा दिवस पेशी वाढवत बसायला वेळ कुठला? म्हणून प्रतीक्षायादीतल्या माणसाची स्मृती आधीच तपासून ठेवलेली हवी. दाता कोण हे माहीत नसताना ती तपासायची तर तिसरी पद्धतच कामाची, सगळ्या एचएलएंचा अंदाज देणारी. तोवर निदान प्रत्येक रुग्णाचं सीरम ठरावीक काळानं गोठवून ठेवावं. जुन्या नमुन्यात प्रतिपिंड होतं आणि आज नाही, एवढं कळलं तरी स्मृतिपेशी असणार असा इशारा मिळतो.

*

इथून नागपूर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सिवनी ओलांडून, पेंचच्या जंगलातून रस्ता. सीरम बर्फात घालून पाठवता येतं. जिवंत पेशींचा नमुना मात्र वेळेत पोचला पाहिजे, नाहीतर पेशी मरतात आणि चाचणीला अर्थ उरत नाही. उद्या नागपुरात किंवा मुंबईत स्मृतिपेशींची ही चाचणी सुरू झाली तरी जबलपूरच्या रुग्णाला ती मिळेल का, हे या प्रवासावर ठरेल. म्हणून पेशी वेगळ्या करून गोठवण्याची सोय इथंच, मेडिकल कॉलेजात व्हावी असं मला वाटतं. द्रव नायट्रोजन, एक प्रशिक्षित माणूस आणि नीट ठेवलेली वही यांवर ती सुरू होऊ शकते.

*

हे वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरात कुणाला रक्त चढवलं असेल तर तारीख, गाव, रक्तपेढी आणि बाटल्यांची संख्या एका कागदावर लिहून आधारकार्डासोबत ठेवा. कुठल्या रक्तपेढीनं 'या रक्तात अँटिबॉडी आहे' असं कळवलं असेल तर तो कागद कधीच टाकू नका, पुढचा अहवाल स्वच्छ आला तरी. डायलिसिसवर असाल तर रक्त चढवण्याआधी डॉक्टरांना विचारा की एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनवर भागेल का, आणि प्रत्यारोपणाचा विचार आहे हे त्यांना आठवणीनं सांगा. घरातल्या बाईला किडनीची गरज असेल तर तिला एकटीला बसवून, सासूसमोर किंवा मुलांसमोर नाही, सगळ्या गर्भारपणांबद्दल विचारा, पडलेली आणि गेलेली धरून. ती सांगेल तो आकडा जसाच्या तसा डॉक्टरांच्या हाती द्या.